पळीभर तेल

सेलूला पॅसेंजरमधून उतरलो
तव्हा हातात तोच डबा व्हता,
दोन शेराचा, कडी तारेनं बांधलेली.
नऊ वर्षं जालन्याच्या रोलिंग मिलमधी
त्याच्यातूनच पाणी प्यालो.
घासून घासून पत्रा पातळ झाला, देवा,
तेलाचा वास गेला नाही.

तुला सगळं ठावं हाय, तरी सांगतो.
सांगितल्याबिगर उंबऱ्यात पाय टाकवत नाही.

घरटी पळीभर तेल, ही आमची गुरवकी.
सुताराच्या भामाबाईपासून सुरुवात,
शेवटचं घर पिंजाऱ्याच्या दादामियाचं.
त्योबी द्यायचा, पळी काठोकाठ भरून.
म्हणायचा, रातच्याला वाट मलाबी लागती.
त्यातलं निम्मं मी टेसनावरच्या भजेवाल्याला इकायचो,
तेवढंच पाणी डब्यात.
पैसे कुठं गेले?
तुह्या बेलाची तीन पानं सोडून
बावन पानांच्या नादी लागलो व्हतो.

मंग ती शिवरात्र.
गाभारा दाटलेला, माणसं ओलेत्यानं उभी,
अन् समई तडतडली.
तेलात पाणी असलं की दिवा बोलतो.
ठिणग्या उडाल्या पार पिंडीवर,
सगळं गाव गप,
दिवा एकटाच माह्या नावानं बोलत राहिला.
कुणी हात उचलला नाही.
उचलला असता तर बरं झालं असतं.
भामाबाई फकस्त पुढं झाली,
दोन बोटांत धरून वात इझवली,
अन् अंधारात मला कुणाचंच तोंड दिसलं नाही.

डबा घेऊन निघालो, रुळाच्या कडंकडंनं.

मिलमधी जाळ लई.
लालभडक सळया सापावानी पळायच्या,
रात का दिवस कळायचं नाही.
एवढ्या उजेडात
तू एकदाबी दिसला नाहीस.
मीबी बघत नव्हतो म्हणा.

खोलीतला जोडीदार रामसूरत, बिहारचा.
सांजच्याला खिडकीत पणती लावायचा,
ड्युटी असली तर मला लाव म्हणायचा,
मी झोपेचं सोंग घ्यायचो.
एकदा त्यानं सहज इचारलं,
तुमच्या गावी आता कोण लावतं?

त्या राती झोपेचं सोंगबी जमलं नाही.

धाकट्या भावानं पाणी दिलं, गूळ दिला,
वहिनीनं भाकर वाढली.
जेवण झाल्यावर त्यो खाली बघून म्हणाला,
गाभारा नाही जमायचा, दादा.
लोक आयकायचे नाहीत.
बाहीर नंदीपुढचा दिवा हाय,
त्याला कुणीच नाही.

नंदीपुढं दुधनेवरून वारं येतं सरळ.
म्हणूनच त्याला कुणी नव्हतं.

सकाळी डबा घेऊन भामाबाईच्या दारात उभा राहिलो.
आता तिला नीट दिसत नाही.
आवाज वळखला असंल, पळी हातात धरून थांबली.
म्हणाली, "यंदा पाणी लई झालंय गावात,
तू तेलच ने, बाबा."
वसरीवरचे समदे हासले.
मीबी हासलो, अन् डबा धरलेला हात
कापत व्हता ते तिला दिसलं नाही,
का दिसलं, कुणास ठावं. तिनं दुसरी पळी घातली.

दादामिया गेला म्हणं, दोन सालापूर्वी.
सून बाहीर आली. तिला माहा काही इतिहास ठाऊक नाही.
तिनंबी काठोकाठ घातली.
तिथं मातर मला उभं राहवेना.

काल चार डाव दिवा गेला वाऱ्यानं.
पाचव्यांदा लावला, आडोशाला पाठ करून बसलो.
आत आरती झाली, लोक बाहीर आले,
माह्या बाजूनं चपला घालून गेले.
एकानं बिडी पेटवाया दिवा मागितला.
नाही म्हणलो. काडेपेटी दिली.

तू माफ केलंस का, ते मी इचारत नाही.
पर रोज ओतायच्या आधी
अजूनबी वातीचं टोक तेलात बुडवतो,
काडी लावतो,
अन् कान लावून बसतो.